मेजर गिल यांच्या अजिंठा-प्रतिकृति

अजिंठा आम्हां खामगांवकरांस दूर नाहीं. तेथें मेजर रॉबर्ट गिल यांचें नांव निघतांच पारोची प्रेमकथा पुढें येते व चित्रकार मागें राहतो. हा अन्याय होय. १८४४ सालीं नेमणूक होऊन त्यांनीं भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या. भिंतीवरील कोरडे रंग तैलरंगांत जड होतात, हा दोष आम्ही मानतों. परंतु मूळ चित्रें झडत असतां साक्ष त्यांचीच. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या अनेक प्रतिकृतींचीही १८८५ सालीं लंडनांतच तीच गति झाली. गिल १८७९ सालीं निवर्तले. संग्राहकांनीं बोध घ्यावा: नकलेचीही नक्कल करावी, आणि ती दुसऱ्या घरीं ठेवावी.