दराच्या शाब्दिक उदाहरणांतील ऋण चिन्ह : एक चिकित्सा

दरावरील शाब्दिक उदाहरणे आपल्या अध्यापनपरंपरेत त्रैराशिकाच्या अंगाने शिकविली जातात. दर धन असेपर्यंत ही रीत निर्वेध चालते. तो ऋण आणि दशांश झाला की विद्यार्थी अडखळतो आणि त्याचे खापर बहुधा कच्च्या आकडेमोडीवर फोडले जाते. हे निदान वरवरचे आहे; दोष पुष्कळदा उदाहरणाच्या भाषेत असतो.

'विहिरीतील पाण्याची पातळी दरमहा ०.७५ मीटरने घटते. चार महिन्यांत ती कितीने घटेल?' येथे ऋणत्व 'घटणे' या क्रियापदातच सामावले आहे, म्हणून उत्तर ३ मीटर. 'पातळीत किती बदल होईल?' असे विचारल्यास उत्तर −३ मीटर. 'पातळी −३ मीटरने घटेल' या विधानाचा काटेकोर अर्थ मात्र पातळी वाढेल असा होतो. प्रश्नपत्रिकेत या दोन भाषांची सरमिसळ झाली, तर अचूक विचार करणाऱ्याचेच गुण जाण्याचा संभव असतो.

हीच पातळी चार महिन्यांपूर्वी किती होती, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. (−०.७५) × (−४) = +३, म्हणजे ती आजच्यापेक्षा ३ मीटर वर होती. ऋण गुणिले ऋण धन, हा ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये सांगितलेला नियम येथे पाठांतराचा विषय राहत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ९ पाया आणि १० व १७ भुजा असलेल्या त्रिकोणाची एक आबाधा −६ येते. ती विरुद्ध दिशेची मानावी, असा तेथील खुलासा आहे. चिन्ह म्हणजे दिशा, ही दृष्टी आपल्याकडे बाराव्या शतकातच होती. ती वर्गात फारशी उतरली नाही, एवढेच.

तापमानाच्या उदाहरणात तर आणखी एक चकवा आहे. प्रमाण वातावरणात उंचीनुसार तापमान बदलण्याचा दर किलोमीटरमागे −६.५ अंश सेल्सिअस धरतात. समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीपर्यंत बदल येतो −१०.७ अंश. (गुणाकार −१०.६९९ इतका काटेकोर लिहिण्यात अर्थ नाही. दर हीच मुळी एक सरासरी कल्पना आहे.) उतरताना मात्र अनेक विद्यार्थी दराचेच चिन्ह बदलतात. वस्तुतः दर तोच राहतो. उंचीतील बदल −१.६४६ किलोमीटर होतो आणि तापमान १०.७ अंशांनी वाढते. उत्तर दोन्ही मार्गांनी एकच येत असल्याने ही चूक तपासनिसाच्या नजरेतून निसटते आणि पुढे अवकलजाच्या चिन्हापाशी उघडी पडते.

दरांच्या तुलनेतही हेच. −०.८ ही संख्या −२.३ पेक्षा मोठी, पण तिने दर्शविलेली घट मंद. तेव्हा 'कोणता दर अधिक?' असा मोघम प्रश्न न घालता 'कोणती पातळी अधिक वेगाने घटते?' असेच विचारले पाहिजे.