वेदनेची मागणी कोणाची?

काळ्यांच्या वाङ्मयाशी आपण नाते सांगतो, ते मुख्यतः वेदनेचे आणि विद्रोहाचे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तीही अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून. हे नाते खरे आहे. पण त्यामुळे काळ्यांच्या कलेतून नेमके काय उचलायचे हे आपण आधीच ठरवून टाकले आहे, अशी शंका मला 'द मेसेज' हा अल्बम पुन्हा ऐकताना आली.

ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गटाचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. शुगर हिल रेकॉर्ड्सने तो १९८२ साली काढला. अमेरिकन तबकडीवर सात गाणी आहेत. मी अनेक वर्षे त्यांतले एकच ऐकत होतो व वर्गात त्याच एकाविषयी बोलत होतो. ते म्हणजे शेवटचे, शीर्षकगीत. वस्तीतील घाण, महागाई, देणेकरी, बेकारी आणि तुरुंगात संपलेला एक तरुण, असा त्याचा विषय. उरलेली सहा गाणी मला नाचगाण्याची, म्हणून टाकाऊ वाटत. माझी ही वाटणी चुकीची होती, हे कबूल करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

शीर्षकगीताचा जन्म तपासण्यासारखा आहे. ते मुळात गटाने रचलेले नाही. कंपनीच्या स्टुडिओत वादन करणारे एड फ्लेचर यांनी त्याची सुरुवात केली आणि कंपनीच्या मालकीणबाई सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ते गटाने करावे असा आग्रह धरला. गटाला ते नको होते. लोक आपल्याकडे नाचायला येतात, त्यांना हे रडगाणे कशाला, असे त्यांचे म्हणणे. अखेर एकटा मेली मेल तयार झाला. रॅप त्याचे आणि फ्लेचरचे आहे. बाकीचे साथीदार शेवटच्या छोट्या नाट्यप्रसंगापुरते येतात आणि ज्याच्या नावाने गट ओळखला जातो त्या फ्लॅशची टर्नटेबल त्यात नाहीच.

मग ही वेदना खोटी म्हणायची काय? अजिबात नाही. गाण्याचे अखेरचे कडवे मेली मेलचे आहे आणि ते १९७९ सालच्या 'सुपररॅपिन' या गटाच्या जुन्या गाण्यात आधीच येऊन गेले होते. ते गाणे नाचाचेच होते. म्हणजे वस्तीतील मुलाचे मरण आणि वस्तीतील जल्लोष एकाच दमात गाण्याची या पोरांची रीत होती. त्यातले मरण वेगळे काढून त्याचे स्वतंत्र गाणे झाले, ते स्टुडिओत. वेदना गटाची होती, पण नुसत्या वेदनेची मागणी मात्र बाहेरून आली होती.

महामार्गासाठी घरे पाडलेल्या, सत्तरच्या दशकात इमारतीमागून इमारत जळालेल्या ब्राँक्समध्ये ही कला उभी राहिली. फ्लॅश तांत्रिक शाळेत शिकलेला. दोन तबकड्या एकीतून दुसरीत न अडखळता जोडता याव्यात म्हणून त्याने आपली साधने स्वतः जुळवली. हे कारागिराचे बुद्धिवैभव आहे. ज्यांना नगररचनेने मोडीत काढले त्यांनी मोडीतून नाद काढला. हा नकार नव्हे तर काय? 'स्कॉर्पिओ' मधला यंत्रावाटे आलेला मानवी आवाज किंवा 'ड्रीमिन' मधली स्टीव्ही वंडरला दिलेली मानवंदना ऐकताना हे जाणवते. सगळेच चांगले आहे असे नाही. 'यू आर' बेतास बात आहे आणि 'शीज फ्रेश' मध्ये स्त्री येते ती पुरुषाच्या नजरेपुरती. पण हे दोष दाखवायचे तर गाणी आधी ऐकावी लागतात. मी ती न ऐकताच निकाल दिला होता.

पुढे १९८३ साली रॉयल्टी आणि नावाच्या हक्कावरून फ्लॅश कंपनीविरुद्ध न्यायालयात गेला, गट फुटला. २००२ साली मात्र अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत हेच शीर्षकगीत गेले. मानाच्या जागी प्रवेश मिळाला, तो पुन्हा वेदनेलाच.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेतला. त्यात ढोलकी होती, विनोद होता, फार्स होता. बाबासाहेबांचा विचार त्या हशातूनही गावकुसाबाहेर पोचला. आज मात्र चौदा एप्रिलच्या रात्री पोरे नाचू लागली की आम्ही शिकलेली माणसे नाक मुरडतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. नाक मुरडण्यातही पहिलाच. आवाजाच्या भिंतींबद्दल तक्रार जरूर असावी. पण त्या नाचण्यात आपल्याला विचार दिसत नाही, याचे कारण आपल्या आस्वादाची घडण प्रस्थापितांच्या वर्गात झाली आहे, आणि तिथे दलिताला रडण्याचेच गुण मिळतात.

आमच्या दुःखाला साहित्यात जागा मिळवण्यासाठी एक पिढी झिजली. आमच्या आनंदालाही समीक्षा हवी. 'द मेसेज' ऐकणाऱ्याने तबकडी पहिल्या गाण्यापासून लावावी, एवढेच माझे सांगणे आहे.