मुभा कोण देतं? लोकल, लस आणि निर्बंध उठवण्याचा वाद

विषाणूबद्दल मी काही सांगणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. त्याबद्दल बोलायला जाणकार माणसं आहेत. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि युक्तिवाद तपासणं हे त्यातलं रोजचं काम. २०२१च्या पावसाळ्यापासून २०२२च्या गुढीपाडव्यापर्यंत महाराष्ट्रात, आणि मुख्यतः मुंबईत, निर्बंध कधी आणि कोणासाठी उठवायचे यावर मोठा वाद चालला. मंत्र्यांची निवेदनं, विरोधकांची आंदोलनं, वाहिन्यांवरची भांडणं, उच्च न्यायालयातल्या याचिका, आणि बसच्या रांगेत माणसं एकमेकांशी जे बोलत होती तेही. आज त्या वादाची परीक्षा करायची आहे.

माझा आक्षेप एका वाक्यात सांगता येईल. 'उघडायचं की नाही' हे सगळे विचारत होते. 'बंद कशासाठी केलं होतं' हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी शेवटपर्यंत हातात धरून ठेवला.

सुरुवात एका शब्दापासून करू. त्या काळातले मथळे आठवा. 'लस घेतलेल्यांना लोकल प्रवासाची मुभा', 'दुकानांना रात्री दहापर्यंत सवलत', 'निर्बंधांत सूट'. मुभा हा मूळ अरबी 'मुबाह'वरून आलेला शब्द. इस्लामी धर्मशास्त्रात मुबाह म्हणजे जे करण्यात पुण्य नाही, न करण्यात पाप नाही, ज्याबद्दल शास्त्राला काही म्हणायचंच नाही असं कृत्य. गंमत बघा, मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ फिरला. आपल्याकडे मुभा कुणीतरी देतं आणि दुसरा ती घेतो. लोकलने कामाला जाणं ही २२ मार्च २०२०पर्यंत मूळ अर्थाने मुबाह गोष्ट होती. कुणाला विचारावं लागत नव्हतं. पुढे दीड वर्षात ती मेहेरबानी झाली, आणि आपण सगळ्यांनी, निर्बंधांच्या विरोधकांनीसुद्धा, तीच भाषा वापरली. 'आम्हालाही मुभा द्या' अशी मागणी करणाऱ्याने अर्धा वाद तिथेच सोडून दिलेला असतो. सिद्ध करण्याची जबाबदारी निर्बंध चालू ठेवणाऱ्याकडे असायला हवी. या भाषेत ती मागणाऱ्याच्या गळ्यात पडते.

आपल्या परंपरेत यासाठी चांगली हत्यारं आहेत. मीमांसक नित्य कर्म आणि नैमित्तिक कर्म असा भेद करतात. नित्य ते रोज करायचं. नैमित्तिक ते काही निमित्त घडलं म्हणून करायचं. ग्रहण लागलं म्हणून स्नान. आता ग्रहण सुटून आठवडा झाला तरी कुणी त्या निमित्ताने आंघोळी करत राहिला तर त्याला धार्मिक म्हणता येईल, मीमांसक म्हणता येणार नाही! महासाथीतले निर्बंध नैमित्तिक आहेत. सुतकाचेसुद्धा दिवस मोजलेले असतात. पण ज्या १८९७च्या साथरोग कायद्याच्या आधारे, आणि २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या आधारे हे निर्बंध आले, त्यातला पहिला कायदा प्लेगच्या वेळचा, चार कलमांचा. नियम तात्पुरते असावेत असं तो म्हणतो. ते केव्हा संपले असं समजायचं, हे सांगत नाही.

सरकारने निमित्त सांगायचा प्रयत्नच केला नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जून २०२१मध्ये पाच स्तरांची योजना आली. पॉझिटिव्हिटी दर पाच टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. दर वीस टक्क्यांवर किंवा पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या तर पाचवा. माझ्या मते त्या संपूर्ण काळातला हा सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवज होता, कारण त्यात कारण आकड्यात मांडलं होतं आणि कोणालाही ते तपासता येत होतं. तो टिकला किती? तीन आठवडेही नाही. २५ जूनला डेल्टा प्लसचं कारण देऊन सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणले गेले, आकडे काहीही असोत. सावधगिरी चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण एकदा मोजपट्टी जाहीर करून ती बाजूला ठेवली की पुढचा प्रत्येक निर्णय मर्जीचा वाटतो. तसंच झालं.

आता लोकलकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. साथीच्या आधी रोज सुमारे पंचाहत्तर-ऐंशी लाख प्रवासी या गाडीने जात. ८ ऑगस्ट २०२१ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलने जाता येईल. निर्णयाचं बरंच स्वागत झालं. लस पसरते आहे, निर्बंध उठत आहेत, आणखी काय हवं?

जरा कागद-पेन्सिल घ्या. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली १ मे रोजी. मेच्या मध्याला राज्यात साठा संपला म्हणून ती थांबली. सगळ्या प्रौढांना केंद्राकडून मोफत लस सुरू झाली २१ जूनला. बहुतेकांना मिळाली ती कोव्हिशिल्ड, आणि तिच्या दोन मात्रांमधलं अंतर १३ मेपासून बारा ते सोळा आठवडे केलेलं होतं. २१ जूनला, पहिल्याच दिवशी, पहाटे रांगेत उभं राहून ज्याने पहिली मात्रा घेतली, त्याला दुसरी मिळणार लवकरात लवकर १३ सप्टेंबरला. वर चौदा दिवस. म्हणजे २७ सप्टेंबर. म्हणजे नियम पाळणारा, लस हवी असलेला, कुठेही टाळाटाळ न केलेला पंचवीस वर्षांचा मुलगा १५ ऑगस्टला लोकलमध्ये चढूच शकत नव्हता. त्याने काय करायला हवं होतं? काहीच नाही. त्याच्या हातात काही नव्हतंच. हां, मे महिन्यात खाजगी रुग्णालयात पैसे मोजून लस घेतलेला त्याच वयाचा माणूस मात्र चढू शकत होता. खाजगी रुग्णालयातला कोव्हिशिल्डचा दर जूनमध्ये ७८० रुपयांवर बांधला गेला, कोव्हॅक्सिनचा १४१०.

तात्त्विक प्रश्न इथे उभा राहतो. 'लस घेतली नाही' आणि 'लस मिळाली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत माणसाचा निर्णय आहे, दुसरीत राज्याचा पुरवठा. फलाटावरचा तपासनीस दोघांना एकच वागणूक देत होता. आणि चर्चेत कोण दिसत होतं? लस नाकारणारा. नालासोपाऱ्याहून किंवा कल्याणहून रस्त्याने तीन-चार तास धक्के खात जाणारा, ज्याच्या मात्रेची तारीखच आली नव्हती, तो माणूस वादात क्वचितच आला. त्यातही सुरुवातीला फक्त मासिक पास मिळत होता, रोजचं तिकीट नाही. ते ऑक्टोबरअखेरीला सुरू झालं. नाक्यावर उभं राहून ज्याला महिन्यात चार दिवस काम मिळतं, त्याने महिन्याचा पास काढायचा?

बरं, या बंदीचं कारण काय होतं? इथे दोन उत्तरं एकमेकांत मिसळून दिली जात होती. एक: लस न घेतलेला माणूस गर्दीत इतरांना धोका आहे. दोन: अशा अटीमुळे लोक लस घ्यायला पुढे येतील. ही दोन कारणं अगदी निराळी आहेत. मिलच्या १८५९च्या 'ऑन लिबर्टी'चा आधार पहिल्याला मिळू शकतो, कारण दुसऱ्याला होणारी इजा हे निर्बंधाचं वैध कारण तो मानतो. दुसऱ्या कारणाला त्याचा आधार नाही. माणसाच्या भल्यासाठी त्याला समजवा, विनवा, पण रेटू नका, असं त्याचं म्हणणं. आता पहिलं कारण खरं मानायचं तर ते सगळीकडे लागू करायला हवं होतं. पण त्याच ऑगस्टमध्ये बेस्टच्या बसमध्ये कुणी प्रमाणपत्र मागत नव्हतं. बस भरून वाहत होत्या. विषाणूला बस आणि गाडी यांतला फरक कळतो काय?

मला वाटतं, यातून प्रमाणपत्राला एक वेगळंच रूप आलं, आणि ते आपल्या फार ओळखीचं आहे: सोवळ्याचं. सोवळं हे धोक्याचं मोजमाप नसतं, तो दर्जा असतो. दोन डोसवाला सोवळा, एक डोसवाला अर्धा ओवळा. डेल्टाच्या काळात लस घेतलेल्यालाही संसर्ग होत होता आणि तो पुढे पसरत होता, हे दिसू लागलं होतं. लशीचं मोठं काम गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्याचं, आणि ते तिने केलं. ती घ्यायलाच हवी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सोवळेपणाची हमी ती कधीच नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचीही खबर घेऊ. विरोधकांचे युक्तिवाद काही फार उजवे नव्हते. 'माझं शरीर, माझा निर्णय' हे लशीपुरतं ठीक आहे, पण भरलेल्या डब्यात माझा श्वास माझ्यापुरता राहत नाही. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, आणि लस न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेली बंधनं त्या घडीला प्रमाणात नाहीत, कारण त्यांच्यापासून अधिक संसर्ग होतो असं दाखवणारी माहिती न्यायालयापुढे आलेली नाही. हा निकाल हातात घेऊन 'बघा, पहिल्यापासून सगळं बेकायदा होतं' असं म्हणणारे तो नीट वाचत नाहीत. ओमायक्रॉननंतरची परिस्थिती जशीच्या तशी ऑगस्ट २०२१वर लादता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२२मध्ये जे उघड झालं ते वेगळं आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे: मुख्य सचिवांचे ते आदेश राज्य कार्यकारी समितीशी विचारविनिमय न करता निघाले होते. म्हणजे लाखो लोकांच्या रोजीरोटीचा निर्णय जिथे चर्चेनं व्हायचा, तिथे चर्चाच झालेली नव्हती. आदेश मागे घेतले गेले, आणि १ मार्चला तीच अट नव्या आदेशाने परत आली. त्याच सुमाराला, जानेवारीत, केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात सांगत होतं की लस प्रमाणपत्र कुठल्याही कामासाठी सक्तीचं केलेलं नाही! दिल्लीत ऐच्छिक, दादरला अनिवार्य.

मंदिरांचा वाद मी पटकन आटोपतो. 'बार उघडे आणि मंदिरं बंद' ही घोषणा जोरदार होती, ऑगस्टअखेरीला शंखनाद झाला, ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला मंदिरं उघडली. त्या घोषणेत तुलना पावित्र्याची होती. तुलना व्हायला हवी होती ती बंद जागेची, गर्दीची आणि हवा खेळण्याची.

आणि शाळा. लस हीच किल्ली मानली की ज्यांच्यासाठी लसच नाही ते आपोआप शेवटी राहतात. १५ ऑगस्टपासून उपाहारगृहं रात्री दहापर्यंत चालू झाली. शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग उघडले ४ ऑक्टोबरला. मुंबईतले पहिली ते सातवीचे १५ डिसेंबरला, म्हणजे एकवीस महिन्यांनी, आणि जानेवारीत पुन्हा तीनेक आठवडे बंद. या वयात गंभीर आजाराचा धोका सगळ्यात कमी होता. पण सात वर्षांचं मूल याचिका करत नाही, मोर्चा काढत नाही, त्याची संघटना नसते. हॉटेलमालकांची होती, पुजाऱ्यांची होती, प्रवाशांची होती. आपण ज्याला सार्वजनिक वाद म्हणतो तो प्रत्यक्षात ज्यांना आवाज होता त्यांच्यातला रांगेचा क्रम होता. ज्या मुलाने पहिलीचं तोंड फोनच्या पडद्यावर पाहिलं आणि दुसरीतही बराच काळ तिथेच काढला, त्याला अक्षर जोडता येत नाही म्हणून मास्तर आज वैतागतात.

३१ मार्च २०२२ला, पाडव्याच्या तोंडावर, राज्यातले सगळे निर्बंध उठवल्याचं जाहीर झालं, मास्कही ऐच्छिक. रुग्णसंख्या खाली आली होती, कारण योग्यच होतं. १८९७चा कायदा मात्र तसाच आहे. २०२०मध्ये त्यात जी दुरुस्ती झाली ती मुख्यतः आरोग्यसेवकांवरचे हल्ले रोखण्यासाठी. निर्बंध किती दिवसांनी पुन्हा तपासायचे, कारणं लेखी द्यायची की नाही, ती कोणापुढे द्यायची, यातलं काही त्यात आलेलं नाही. चला, प्रश्न घेऊ.