पेशवेकालीन पैठणी, तीही सहावारी?

दोह्यात अल मन्सूरातल्या फ्लॅटमधलं हळदीकुंकू असो, नाहीतर न्यू जर्सीतला गणपती, फोटोत एखादी पैठणी हमखास ‘पेशवेकालीन’ निघते. कशावरून, हे कुणी विचारत नाही. हा शब्द आता काळ सांगत नाही, नुसतं कौतुक करतो.

पेशवाई संपली १८१८ मध्ये. म्हणजे साडी दोनशे वर्षांहून जुनी हवी. ती सहावारी असेल, वर जोडीला विणलेला ब्लाउजपीस असेल, तर बोलणंच खुंटलं. सहावारी आपल्याकडे रुळली विसाव्या शतकात. (नऊवारी कापून सहावारी केलेली असू शकते, पण मग कापल्याची खूण कुठेतरी दिसायला हवी.)

यावर उत्तर येतं: ‘अहो, पदरावरचे मोर बघा ना!’ घोटाळा इथेच होतो. नक्षी जुनी म्हणजे कापड जुनं, असं नसतं. इटलीच्या मखमलीत हे छान दिसतं. डाळिंबाची नक्षी पंधराव्या शतकात तिथे जोरात होती. ब्रॉन्झिनोनं १५४५ च्या सुमारास रंगवलेल्या तोलेदोच्या एलेओनोराच्या अंगावरही ती आहे. त्यावरून कळतं इतकंच, की तोवर नक्षी प्रचारात आली होती. ती थांबली कधी, हे चित्र सांगत नाही. विसाव्या शतकात मारिआनो फोर्तुनीनं व्हेनिसमध्ये तसल्याच जुन्या नक्ष्या मखमलीवर छापल्या. तुर्कस्तानात बुर्साच्या विणकरांनी तर इटालियन मखमलीशी स्पर्धाच केली. तोफकापी राजवाड्यात इटालियन मखमलीचे काफ्तान आहेत, म्हणजे सुलतानाच्या अंगावर होतं म्हणून कापड तुर्की, असंही म्हणता येत नाही. शेवटी जाणकार कापड उलटं करतात आणि ताणा-बाणा तपासतात: बाणा रेशमी की सुती, काठ कसा विणलाय.

पैठणीलाही तेच लागू. पदर हातानं विणलेला असेल तर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील तर जॅकार्डची शंका घ्या, आणि जॅकार्डचा माग फ्रान्समध्ये आला तोच १८०४ च्या सुमारास. जुन्या पैठण्यांत अंग सुती आणि पदर जरीचा, असेही नमुने आहेत. ‘शुद्ध रेशीम म्हणून जुनी’ हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो. रंगाचं म्हणाल तर पहिला कृत्रिम जांभळा पर्किननं १८५६ मध्ये केला. तसला रंग सापडला तर साडी त्यानंतरची, विषय संपला. मात्र हे प्रयोगशाळेत ठरतं, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून नाही.

मग एवढा कीस कशाला काढायचा? कारण जुन्या पैठण्या उरल्यात थोड्या. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार असते, वर सोन्याचा मुलामा. त्या चांदीपायी कितीतरी साड्या जाळून, वितळवून संपल्या. ज्या उरल्या त्यांच्यावर सरसकट ‘पेशवेकालीन’ छापलं, की १९३० ची साडी तिच्या स्वतःच्या काळातून हद्दपार होते. ती कुणी घेतली, कुठल्या लग्नात नेसली, हे सांगणारी आजी अजून असेल, आणि आपण तिला सोडून बाजीरावाला विचारत बसतो.

तेव्हा आजीला फोन करा. साडीच्या उलट बाजूचा आणि काठाचा जवळून फोटो काढून ठेवा. आणि जर खरी का, हे बघायला धागा जाळू नका.