अनरीलस्क्रिप्ट : सुलभतेच्या दाव्याची चिकित्सा

स्क्रिप्टिंग भाषा वापरली म्हणजे संगणकीय खेळातील नेटवर्कची आज्ञावली सोपी होते, असा एक समज रूढ आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ अनरीलस्क्रिप्टचा दाखला दिला जातो. प्रस्तुत लेखात त्या दाखल्याचीच तपासणी करावयाची आहे.

१९९८ साली आलेल्या ‘अनरील’ या खेळासाठी टिम स्वीनी यांनी ही भाषा रचली. अनेक संगणकांवर एकच खेळ चालतो तेव्हा खरी स्थिती कोणती मानावी, हा येथील मूळ प्रश्न. अनरीलमध्ये सर्व्हरवरील स्थिती प्रमाण. खेळाडूकडे असते ती तिची अंदाजे प्रतिकृती. कोणता चल कोणाकडे जावा, कोणते फंक्शन पलीकडच्या संगणकावर चालावे आणि तो संदेश पोहोचण्याची हमी हवी की नको, एवढेच ‘रेप्लिकेशन’ या विभागात सांगायचे. बदललेली मूल्ये हुडकून पाठविण्याचे काम इंजिन करते. ‘अधिकार कोणाचा’ हा प्रश्न भाषेच्या व्याकरणात आला, हे या रचनेचे मोठेच यश होय.

परंतु ओळी कमी झाल्या म्हणजे विचार कमी झाला, असे नव्हे. ‘सिम्युलेटेड’ हा शब्द लिहावयाचा राहिला, तर नक्कल स्वरूपातील पात्राचे फंक्शन खेळाडूच्या संगणकावर मुकाट्याने वगळले जाते. चूक दाखविणारा संदेशही येत नाही. एकट्याने खेळताना अधिकार त्याच संगणकाकडे असल्याने सारे सुरळीत दिसते आणि दोष दुसरा संगणक जोडल्यावरच उघड होतो. शिवाय फंक्शन एकीकडे व त्याची अट दुसरीकडे, ही विभागणीही गैरसोयीची होती. इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत फंक्शनांपुरत्या या खुणा थेट घोषणेतच आल्या, त्या उगाच नव्हे.

खेळाडूच्या हालचालीचे उदाहरण अधिक बोलके आहे. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहिली, तर पाऊल उशिरा पडते. म्हणून खेळाडूचा संगणक आधीच पात्र हलवतो, केलेल्या चाली साठवतो आणि सर्व्हरने वेगळी जागा कळविल्यास तेथून उरलेल्या चाली पुन्हा चालवून पाहतो. हा सारा व्यवहार स्क्रिप्टमध्ये हातानेच लिहावा लागला. विलंब हाच जेथे विषय आहे, तेथे भाषेला तो झाकता आला नाही. त्यातच सर्वसाधारण सी प्लस प्लस कोड सुमारे वीसपट वेगवान असल्याचे या भाषेची अधिकृत पुस्तिकाच सांगत असे.

२०१४ साली खुल्या झालेल्या चौथ्या पिढीत अनरीलस्क्रिप्ट वगळली गेली. तिच्या खुणा मात्र उरल्या. कोणता चल प्रतिकृत व्हावा, कोणते फंक्शन सर्व्हरवर हमखास चालावे, हे आता सी प्लस प्लसमधील घोषणेलगत लिहिले जाते व इंजिन ते वाचते. सुलभतेचे श्रेय स्क्रिप्टला दिले जात होते. ते वस्तुतः या घोषणापद्धतीचे होते. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र ‘स्क्रिप्ट म्हणजे सोपे’ हे समीकरण अद्याप बिनदिक्कत शिकविले जाते आणि विद्यार्थी कोणती ओळ कोणत्या संगणकावर चालते हे न विचारताच प्रकल्प सादर करतात.