फोटोबाहेरचे

'फॉर्च्युन' मासिकात 2007 साली छापलेला तो फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बारमध्ये पेपालचे जुने सहकारी सिनेमातल्या गुंडांसारखे नटून बसलेले. नाव 'पेपाल माफिया'. ईबेने 2002मध्ये दीड अब्ज डॉलरला पेपाल घेतली, मग ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांच्यातून लिंक्डइन, यूट्यूब, येल्प निघाल्या. एकमेकांच्या कंपन्यांत पैसे घालणंही चालूच राहिलं.

फोटो मजेदार आहे, पण मला तो फसवा वाटतो. त्यात एकही बाई नाही, हे लगेच दिसतं. (इलॉन मस्कही नाही, पण त्याची काळजी आपण नको करायला.) दिसत नाही ते हे, की मित्राने हाक मारली की नोकरी सोडून उठता येणं ही या टोळीत शिरायची पहिली अट आहे. तुम्ही म्हणाल, त्यात परदेशात जन्मलेलेही आहेत. आहेत ना. पण मॅक्स लेव्हचिनचं कुटुंब 1991 साली आश्रय मागून आलं. त्याचं इथे राहणं मालकाच्या सहीवर टांगलेलं नव्हतं.

आपल्या अल्फारेटाचंच बघा. जय चौधरींनी 2000 साली इथे ईमेल-सुरक्षेची सायफरट्रस्ट काढली, 2006मध्ये ती विकली गेली. पुढे त्यांनी झीस्केलर उभी केली. तिथलेच पॉल जज पिनड्रॉपच्या संस्थापकांत, तर दिमित्री अल्पेरोविच क्राउडस्ट्राइकच्या. पहिल्या कंपनीसाठी चौधरी पती-पत्नींनी नोकऱ्या सोडून सगळी बचत घातली, ही गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो. आहेच ती.

पण एच-वनवर असलेल्याने काय करावं? नोकरी सोडली की हातात जास्तीत जास्त 60 दिवस. नव्या कंपनीने अर्ज केला तर व्हिसा हलतो, पण ग्रीन कार्डासाठी तिला पगार द्यायची ऐपत दाखवावी लागते. गॅरेजमधल्या दोघांनी ती कुठून दाखवायची?

माझ्या जुन्या टीममधल्या दोघांनी मला बोलावलं होतं. दोघेही इथे जन्मलेले. मी म्हटलं, "फाइल पुढे सरकू दे, मग बघू." त्यांची कंपनी विकली गेली तेव्हा माझी फाइल तिथेच होती. आजही भेटलो की ते म्हणतात, "तू यायला हवं होतंस." आमंत्रण खरंच होतं, म्हणून राग धरायलाही कुणी सापडत नाही.