‘आपण’ शिखरावर पोहोचू

‘सहाव्या दिवशी मध्यरात्री निघून आपण सूर्योदयाच्या सुमारास उहुरू शिखरावर पोहोचू. फोटो काढून उतरायला सुरुवात करू. मुक्काम म्वेका कॅम्प.’

किलीमांजारोच्या आयटिनररीतली ही तीन वाक्यं थोड्याफार फरकाने गेल्या दोन महिन्यांत मी बारा-तेरा पीडीएफमध्ये वाचली. काही इथल्या कंपन्यांच्या मराठीत, काही टांझानियातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावातल्या कंपन्यांच्या इंग्रजीत. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि त्यांना किलीमांजारो चढायचाय. ५,८९५ मीटर, आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर. दोर-बिर लागत नाहीत, चालत जाता येतं. पण परवानाधारक गाइडशिवाय डोंगरावर जाऊ देत नाहीत, म्हणून कंपनी निवडणं आलं. तिथूनच हे वाचन सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या पीडीएफनंतर लक्षात आलं, की मी दर बघायचं सोडून भाषाच बघत बसलोय.

आमच्या घरात ‘अपूर्वाई’ आहे, गोनीदांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या वयाच्या लोकांनी सर्वांत जास्त वाचलेलं प्रवासलेखन म्हणजे आयटिनररी. व्हॉट्सअ‍ॅपवर येते, लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून होते, आणि तिच्यावर लाख-दोन लाख रुपये लावले जातात. एवढा परिणाम करणाऱ्या लेखनाची कुणी समीक्षा करत नाही. प्रवासवर्णन माणूस परत आल्यावर भूतकाळात लिहितो. आयटिनररी जाण्याआधी, आणि भविष्यकाळात लिहितात. तिच्यात शंकेला जागा नसते. ‘पोहोचू’, ‘पाहू’, ‘जेवू’. ज्योतिषीसुद्धा इतक्या ठामपणे बोलत नाही.

मराठी आयटिनररीत तर एक खास गंमत आहे, ती इंग्रजीत जमणारच नाही. तिचा कर्ता ‘आपण’ असतो. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’मध्ये तो आत येतो. आणि ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’सुद्धा. पहिल्या पानावर ‘आपण पोहोचू’ असतं: कंपनी, गाइड, मी, बाबा, सगळे एका दमात शिखरावर. दुसऱ्या पानावर ‘आपण सोबत आणावयाच्या वस्तू’ येतात, म्हणजे कंपनी हळूच बाजूला झालेली असते. शेवटच्या पानावर अटी लागतात आणि तिथे आपण कुणीच उरत नाही. ‘सहभागी व्यक्ती स्वतःच्या जबाबदारीवर’ वर गेलेली असते. तीन पानांत सर्वनामाचा एवढा प्रवास मी दुसऱ्या कुठल्या गद्यात पाहिलेला नाही.

आणि जे पहिल्या पानावरच्या ‘आपण’मध्येही नसतात, ते कर्मणी प्रयोगात असतात. तंबू ‘लावलेले असतील’. सामान ‘पोहोचवलं जाईल’. गरम पाणी ‘दिलं जाईल’. दोन गिऱ्हाइकांच्या मागे गाइड, मदतनीस गाइड, आचारी आणि पोर्टर धरून दहाएक माणसं सहज असतात. पोर्टरने २० किलोपर्यंतच ओझं न्यायचं असा नियम आहे आणि गेटवर वजनकाटा असतो. सकाळी आपण निघाल्यावर ही माणसं तंबू उतरवतात, आपल्याला मागे टाकून पुढे जातात आणि आपण पोहोचायच्या आत पुढच्या कॅम्पवर तेच तंबू उभे करतात. आख्खी गोष्ट त्यांच्या पाठीवर चालते, पण एकाही क्रियापदाला त्यांचा हात लागलेला नाही.

आता सहाव्या दिवसाकडे येतो. माचामे मार्गाचा सात दिवसांचा बेत साधारण असा: पहिला मुक्काम २,८५० मीटरच्या आसपास, दुसरा शिरा कॅम्प ३,८४०. तिसऱ्या दिवशी लावा टॉवरच्या ४,६०० मीटरपर्यंत चढून रात्री बारांको कॅम्पला ३,९६०वर उतरायचं. चौथी रात्र करांगा, जवळपास तेवढ्याच उंचीवर. पाचवी बराफू, ४,६७० मीटर. (बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ. शब्द फारसीतून तिकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. बाबांना डोंगराबद्दल आतापर्यंत सर्वांत आवडलेली माहिती हीच.) मग त्याच मध्यरात्री उठून अंधारात, थंडीत, १,२०० मीटर चढायचं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. आणि त्याच दिवशी ३,१०० मीटरवरच्या म्वेका कॅम्पपर्यंत, म्हणजे २,८०० मीटर, उतरायचं. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तीही समुद्रापासून मोजून.

टेबलमध्ये या दिवसाला एक ओळ आहे. पहिल्या दिवसाच्या ओळीएवढीच, त्या दिवशी तर फक्त जंगलातून चालून जेवायचं असतं. माझी मुख्य तक्रार ही आहे. चांगला लिहिणारा जिथे जड आहे तिथे थांबतो. आयटिनररी सगळीकडे सारख्याच वेगाने चालते. कॅम्पची उंची सांगते, झोपेचं काही सांगत नाही. उंचीवर झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो आणि माणूस दचकून उठतो, हे कुठेही नाही. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. वरचा बेत पुन्हा बघा: दुसऱ्याच रात्री जवळपास हजार मीटर. सहा दिवसांच्या बेतात तर करांगाची रात्रही कापलेली असते, तिथे जेवून सरळ बराफू. मारांगू मार्गाचा पाच दिवसांचा बेत सगळ्यांत स्वस्त. त्यात २,७००, ३,७००, ४,७०० अशा तीन रात्री, जणू जिन्याच्या पायऱ्या.

दिवस कापण्यामागे हिशोब आहे. उद्यानाचं शुल्क दिवसागणिक लागतं: माणशी ७० डॉलर प्रवेशाचे, ५० डॉलर रात्रीच्या कॅम्पचे, वर १८ टक्के कर. म्हणजे एक रात्र वाढवली की जेवण आणि मजुरी धरायच्या आधीच माणशी १४० डॉलर वाढतात. ज्या कंपनीला स्वस्त दिसायचंय ती दिवस तरी कापते, नाहीतर पोर्टरची मजुरी. आयटिनररीत यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो ‘९८ टक्के यश’ असा आकडा. यश म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. विवराच्या कडेवर पोहोचलेल्यालाही प्रमाणपत्र मिळतं आणि उहुरूवर पोहोचलेल्यालाही, फक्त वेगवेगळं. आणि उरलेल्या दोन टक्क्यांचं काय झालं?

या डोंगरावर पहिल्यांदा पोहोचलेल्या लोकांचा बेत वाचला तेव्हा मी उडालोच. हान्स मेयर आधीच्या प्रयत्नांत अपयशी ठरला होता. १८८९ साली तो लुडविग पुर्टशेलरला घेऊन आला तेव्हा त्याने वाटेत टप्प्याटप्प्याने तळ टाकले आणि खालून माणसं अन्न आणत राहतील अशी सोय केली. एकदा फसलं तर खाली न जाता पुन्हा प्रयत्न करता यावा म्हणून. आणि फसलंच. ३ ऑक्टोबरला ते विवराच्या कडेपर्यंत पोहोचले आणि थकून परत फिरले. ६ ऑक्टोबरला शिखर गाठलं. वरच्या तळावर त्यांच्यासोबत पांगानीचा म्विनी अमानी राहिला होता. मेयरच्या पुस्तकात त्याचं नाव आहे. ज्या जर्मन माणसाने शिखराला आपल्या कैसरचं नाव दिलं, त्याच्या पुस्तकातसुद्धा हे नाव आहे. (उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव १९६१ नंतरचं.)

आमच्या कामात रिलीजच्या बेतात थोडी मोकळी जागा ठेवली नाही तर मॅनेजर झापतो. या पीडीएफमध्ये ३ ऑक्टोबरला जागाच नाही.

किलीमांजारो म्हटलं की वाचणारे लोक हेमिंग्वेचं नाव घेतात. ‘द स्नोज ऑफ किलीमांजारो’ ही १९३६ची कथा दोन-तीन कंपन्यांनी सजावटीला वापरलीय. त्यांनी ती वाचली नसावी. त्या कथेत कुणी चढत नाही. काट्याने खरचटलेल्या पायाला वेळेवर आयोडीन लावलं नाही म्हणून हॅरी नावाचा लेखक खाली मैदानात गँगरीनने मरतो. ट्रक बिघडलेला, विमान यायचंय. शिखर त्याला दिसतं ते मरता मरता, विमान आल्याच्या भासात. एका खरचटण्याने बेत कसा कोसळतो याची ही गोष्ट आहे, आणि ट्रेकला जाणाऱ्याने वाचावी ती त्यासाठीच. १९५२च्या सिनेमात हॉलिवूडने हॅरीला वाचवलं. आपल्या आयटिनररी त्या सिनेमाच्या वंशातल्या. एक मात्र हेमिंग्वेलाही माफ नाही: त्याच्या कथेतले आफ्रिकी नोकर व्हिस्की-सोडा आणून देण्यापुरतेच येतात. तरी त्यातल्या एकाला मोलो हे नाव आहे. माझ्या तेराही पीडीएफमध्ये एकालाही नाही.

एवढं चिडायचं कारण जुनं आहे. चार वर्षांपूर्वी उत्तराखंडात एका ट्रेकला गेलो होतो. तंबूत माझ्यासोबत कॉलेजचा मित्र होता. तिसऱ्या रात्री त्याचं डोकं ठणकायला लागलं, जेवण उलटून पडलं. सकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या आधी त्याने हात चोळून चोळून गरम केले, आकडा जरा बरा यावा म्हणून. मी बघत होतो, बोललो नाही. शिखराचा दिवस ‘उद्या’ होता, तसं कागदावर लिहिलेलं होतं. लीडरने आकडा वहीत टिपला आणि आम्ही निघालो. संध्याकाळी मित्राला सरळ चालता येईना, तोल जायला लागला. एका स्थानिक पोराने त्याला पाठीवर घेतलं आणि अंधारात हजारभर मीटर खाली नेलं. खाली गेल्यावर मित्र सावरला, आज ठणठणीत आहे. मी मात्र दुसऱ्या दिवशी ‘आपण’मध्ये राहून शिखरावर गेलो. फोटो आहे. त्या पोराचं नाव आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

म्हणून या वेळी चार कंपन्यांना मेल केली. पोर्टर किती, त्यांना दिवसाला किती मिळतात, ते कुठे झोपतात? (जेवणाच्याच तंबूत झोपवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मोशीत पोर्टरांसाठी काम करणारी एक संस्था आहे, ती मजुरी, जेवण, झोपायची सोय हे सगळं तपासते. तिच्या यादीत तुम्ही आहात का?) परत फिरायचं कोण ठरवतं? आणि दोघांतला एक परत फिरला तर? दोघांनी ब्रोशर पुन्हा पाठवलं. एकाने ‘काळजी करू नका सर’ लिहिलं. चौथीने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, मजुरीचा आकडा दिला, गाइडचा शब्द शेवटचा हे लिहिलं, आणि एक परत फिरला तर मदतनीस गाइड त्याच्यासोबत खाली जातो, दुसरा मुख्य गाइडबरोबर वर जाऊ शकतो असंही लिहिलं. मेल कोरडी होती. वाचलेल्या सगळ्या मजकुरात तेवढीच मला चांगली वाटली. त्यांचा लेमोशो मार्गाचा आठ दिवसांचा बेत आम्ही घेतोय.

बाबांना पटायला वेळ लागला. दर नवरात्रात कळसूबाई चढणारा माणूस. “सहा दिवसांत होतंय तर आठ कशाला? पैसे जास्त झालेत का तुला?” मी त्यांना झोपायच्या उंचीचं टेबल दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ते एकेक ओळ वाचलं, मग ती मेल वाचली आणि शेवटच्या उत्तरावर बोट ठेवलं.

“म्हणजे मी खाली आलो तर तू वर जाणार?”

मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

“तसं नको. आत्ताच लिही,” बाबा म्हणाले. “वर डोकं चालत नाही म्हणतोस ना?”

मी आमचा बेत एक्सेलमध्ये पुन्हा मांडतोय. सातव्या दिवसाच्या ओळीला पाच रकाने झालेत: किती वाजता कुठे नसलो तर परत, कुठलं लक्षण दिसलं तर परत, हे कोण ठरवणार, कोण कुणासोबत उतरणार. पाचवा ‘दुसरा काय करेल?’ तो अजून भरलेला नाही. अ‍ॅडव्हान्स भरायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे.